अरूसाचा गिअरबॉक्स

ताडपत्री ओढायला कुणी पुढे होईना, तेव्हा शेवटी गस्साननेच ती ओढली. एकवीस वर्षांची धूळ एकदम उठली. धाकट्या भावाने, हाझिमने, गळ्यातला रुमाल नाकाला लावला, त्यांचे वडील उस्ता रऊफ खोकत खोकत हसले, आणि भिंतीशी उभी असलेली त्यांची बहीण बल्किस मात्र ना खोकली ना हसली. ताडपत्रीखाली अरूसा होती. पांढरी, लांबलचक, अमेरिकन, चारही टायर बसलेली, आणि तरीही बगदादच्या शेख उमर बाजारातल्या कुठल्याही नव्या गाडीपेक्षा ऐटदार.

अरूसा म्हणजे नवरी. रऊफच्या तिन्ही बहिणी आणि दोघी पुतण्या याच गाडीतून सासरी गेल्या होत्या, म्हणून हे नाव. बल्किस तेवढी टॅक्सीतून गेली. तिच्या लग्नाच्या वेळी अरूसा ताडपत्रीखाली होती आणि तिची आई, नजीबा, कब्रस्तानात. आता गुरुवारी बल्किसच्या मुलीचं, रंदचं लग्न होतं, आणि त्या पोरीने हट्टच धरला होता. आजीच्या गाडीतून जाईन, नाहीतर पायी जाईन. पायी जाईन म्हणणारी पोर खरंच पायी जाईल हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती अगदी आजीवर गेली होती.

मंगळवारची सकाळ होती. हातात पुरते तीन दिवसही नव्हते.

"माझं ऐका," हाझिम म्हणाला. गेली दहा वर्षं वर्कशॉप तोच चालवत होता, त्यामुळे 'माझं ऐका' हे त्याचं पेटंट वाक्य झालं होतं. "हा गिअरबॉक्स उघडायचाच नाही. भंगारवाल्या सबरीकडे याच जातीचा एक पडलाय. आणतो, धुतो, चढवतो. उद्या दुपारपर्यंत गाडी दारात."

"बरोबर बोलतोय हाझिम," बल्किस लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की गस्सानने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आहेच काय त्या जुन्यात? एकवीस वर्षांत सगळं सडलं असेल. उगाच घोळ कशाला?"

"कधीपासून तू हाझिमच्या बाजूला?" गस्सान म्हणाला. "काल रात्री तर त्याला गाढव म्हणत होतीस."

"गाढवसुद्धा कधीतरी बरोबर ओरडतं."

हाझिम हसला, पण गस्सान हसला नाही. सत्तेचाळीस वर्षांचा तो माणूस डेट्रॉइटहून परवाच आला होता. येताना पोरांसाठी चॉकलेटं आणि बॅगेच्या तळाशी पायजम्यात गुंडाळून या गिअरबॉक्सच्या नव्याकोऱ्या क्लच प्लेटा घेऊन. विमानतळावरच्या शिपायाने त्या हातात घेऊन विचारलं होतं, कुणाच्या गाण्याच्या तबकड्या आहेत? ही गोष्ट त्याने तीनदा सांगून झाली होती, आणि तिन्ही वेळा उस्ता रऊफ सोडून सगळे हसले होते. बापलेकांत गेल्या दोन दिवसांत 'प्रवास बरा झाला ना' आणि 'झाला' यापलीकडे बोलणंच झालं नव्हतं.

"उघडायचा," गस्सान म्हणाला. "हाच. माझ्यासमोर. मी अर्ध्या जगावरून दुसऱ्याचा गिअरबॉक्स चढवायला आलेलो नाही."

"लग्नाला आलायस ना?" हाझिमचा आवाज चढला. "का खटला चालवायला आलायस?"

"दोन्हीला."

"मग ऐक, खूया, माझ्या भावा. खटला करायचा तर त्यासाठी इथं राहावं लागतं. तू तिकडे बर्फात बसलास. इथं बाबांची औषधं, बाबांचे डोळे, बाबांचे रुसवे, सगळं मी आणि हिने काढलं."

"मला कुणी राहू दिलं?"

सगळ्यांनी उस्तांकडे पाहिलं. शहात्तर वर्षांचे उस्ता रऊफ उलट्या बादलीवर बसले होते, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. एके काळी बसऱ्यापासून मोसुलपर्यंतच्या ऑटोमॅटिक गाड्या या पंज्यांच्या भरवशावर चालत. आता त्या हातांना कंप होता, म्हणून ते नेहमी कशाला तरी धरलेले असत.

"अरूसाला परक्याचा गिअरबॉक्स लावणार नाही," ते म्हणाले. "उघडा."

एकवीस वर्षं बल्किस ज्या क्षणाला घाबरत होती तो आता दोनतीन तासांवर आला होता, आणि तो टाळण्यासाठी तिच्याजवळ एकही शहाणं वाक्य उरलं नव्हतं.

*

गाडी जॅकवर चढली. हाझिमने खालून शाफ्ट सोडवला, गस्सानने इंजिनाशी जोडणारे बोल्ट, आणि सवयीने दोघांचे हात एकमेकांना लागेल ते पुढे करू लागले. तोंडं मात्र बंद. लहानपणी हे दोघे असेच काम करायचे, फक्त तेव्हा तोंडं बंद नसायची.

बल्किस मागच्या टेबलाशी गेली. आठवड्यातले तीन दिवस ती वर्कशॉपात यायची. गिअरबॉक्समधला जो भाग तेलाला वाटा दाखवतो, त्यातल्या वाटाण्याएवढ्या पोलादी गोळ्या कुठल्या खळग्यात बसवायच्या हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. बोटं स्थिर, नजर पक्की. 'माझ्या तीन पोरांत एकच मेकॅनिक निघाला आणि तोही मी लग्नात देऊन टाकला,' असं उस्ता गिऱ्हाइकांना सांगत. त्या कौतुकाने ती दर वेळी खूश व्हायची आणि दर वेळी आतून थोडी मरायची.

गिअरबॉक्स बाहेर आला. खालचं भांडं सोडलं तेव्हा जे तेल गळालं ते लाल नव्हतं, कॉफीच्या गाळासारखं होतं. जळका, आंबूस, जुना वास वर्कशॉपभर पसरला.

उस्तांनी डोळे मिटून तो हुंगला. "बंदीच्या वर्षांचा वास," ते म्हणाले.

जगाने देशावर घातलेल्या बंदीची ती वर्षं आठवली की या घरात अजूनही सगळे एकदम बोलायला लागत. बाहेरून देशात स्क्रूसुद्धा येत नव्हता. सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदातून गास्केट कापायची. वापरलेलं तेल बायकांच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यांतून गाळून पुन्हा भरायचं. आणि क्लच प्लेटा झिजल्या, की त्या घासून पोलाद उघडं करायचं, त्यावर कॉर्कचं नवं अस्तर चिकटवायचं, सगळ्या प्लेटा एका बोल्टवर घट्ट आवळायच्या आणि तो गठ्ठा तारेने अंगणातल्या तन्नूरमध्ये सोडायचा. रोटी भाजून झाल्यावर भट्टीत जी धग उरते, तिच्यात दुपारच्या बांगेपासून तिसऱ्या प्रहरच्या बांगेपर्यंत. त्याशिवाय डिंक पक्का होत नसे. बगदादमध्ये ही युक्ती पहिल्यांदा उस्ता रऊफनी काढली असं उस्ता रऊफ म्हणत.

"आणि दुसऱ्या दिवशीच्या रोटीला तो वास!" हाझिमला राहवलं नाही. "शेजारचा अबू लुई यम्माला म्हणायचा, उम्म गस्सान, तुझी रोटी खाल्ली की माणूस आपोआप गिअर बदलतो."

"तो रोज चार खायचा," गस्सान म्हणाला, "आणि पुढे कधी सरकला नाही."

उस्ता हसले. मोठ्या मुलाच्या बोलण्यावर ते दोन दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि हसल्यावर आपण हसलो हे लक्षात येऊन दुसरीकडे पाहू लागले.

इतक्यात रंद दोल्म्याचं, भात भरलेल्या भाज्यांचं, पातेलं घेऊन आली. डोक्यावर रुमाल, चेहऱ्यावर कसलासा लेप, लग्नाची मुलगी रस्त्याने अशी फिरते म्हणून आई ओरडणार हे गृहीत धरून आधीच कपाळाला आठ्या.

"खालो गस्सान, माझी गाडी कुठवर आली?" तिने मामाला विचारलं.

"पोट फाडलंय तिचं."

"शिवा पण लवकर." तिने पातेलं टेबलावर ठेवलं आणि आईकडे निरखून पाहिलं. "यम्मा, लग्न माझं आहे. रडवेली तू का झालीस?"

"धूर लागला."

"धूर आहेच कुठे?" रंद म्हणाली, पण थांबायला तिला वेळ नव्हता. शिंपिणीकडे जायचं होतं. ती गेली आणि बल्किसने दोल्मे ताटलीत काढले. कुणी धड जेवलं नाही.

मग गस्सानने पंप ओढून काढला आणि मागोमाग पुढच्या क्लचचा ड्रम बाहेर घेतला. लहान बादलीएवढा तो ड्रम त्याने टेबलावर, बरोबर बापासमोर ठेवला. याच्याच आत त्या प्लेटा होत्या. गाडी पुढे जायची ती यांच्या पकडीवर.

"बाबा," तो म्हणाला. "हा मी बांधला होता. सव्वीस वर्षांचा होतो. यम्माला अम्मानला ऑपरेशनला न्यायचं होतं, परवानगी एकाच पुरुषाला मिळाली, म्हणून मी निघालो. वाळवंटात, रुतबा गावाच्या अलीकडे गाडीने जीव सोडला, आणि यम्माने ट्रकमध्ये. मी तिला घेऊन परत आलो तेव्हा तुम्ही भरल्या अंगणात म्हणालात, 'तुझ्या हातांनी आईला मारलंस.' आठवतं?"

"आठवतं," उस्ता म्हणाले.

"तिकडे मी आजवर तीनेक हजार गिअरबॉक्स बांधलेत. प्रत्येक वेळी झाकण लावताना तुमचं तेच वाक्य ऐकलंय. आज उघडतो. माझी चूक निघाली तर गुरुवारचं लग्न उरकून निघून जाईन, पुन्हा तोंड दाखवणार नाही. पण नसली तर तसं तुम्ही तोंडाने बोलायचं."

त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडी उचकटली आणि ड्रम उलटा केला. प्लेटा टेबलावर घरंगळल्या. एकीवरही अस्तर नव्हतं. कॉर्कचे पापुद्रे सुटून काळ्या चिखलात मिसळले होते आणि पोलाद उघडं पडलं होतं. हाझिमने एक प्लेट रॉकेलमध्ये बुडवून फडक्याने पुसली. पोलादावर डिंकाचा थर राहिला होता. पिवळा, मधाच्या रंगाचा. बोट लावलं तर अजून चिकट.

भाजलेला डिंक गडद तपकिरी होतो, दगडासारखा कडक. हे त्या टेबलाभोवतीच्या चौघांनाही सांगावं लागणार नव्हतं.

"कच्च्या," हाझिम हळूच म्हणाला. "अर्ध्या कच्च्या निघाल्यात भट्टीतून."

गस्सानने बाकीच्या एकेक पुसून पाहिल्या. सगळ्या तशाच. त्याने ड्रमची सील पाहिली, रिंगा पाहिल्या, प्लेटांमधली फट मोजली. बांधणी अगदी बिनचूक होती. मोठी माणसं रडतात तसा तो वेडावाकडा रडू लागला आणि हातातलं तेलकट फडकं डोळ्यांना लावणार तोच हाझिमने ते ओढून घेतलं आणि स्वतःचा रुमाल दिला.

उस्ता रऊफ त्या पिवळ्या थराकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा सैल पडला, मऊ झाला. "नजीबा," ते म्हणाले. "त्या दिवशी पाहुणे यायचे होते. बल्किसला बघायला. रोटीसाठी तिला तन्नूर हवा असणार. तिच्या तन्नूरला हात लावायची कुणाची छाती होती? तिनंच लवकर काढल्या असतील. तिला काय कल्पना, बिचारीला."

"यम्माने," हाझिम म्हणाला आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला. "अल्ला तिला जन्नत देवो. तिची तिनंच..."

"तिच्यावर कसला राग धरायचा?" उस्ता म्हणाले. ते कष्टाने उठले, टेबलाला धरत धरत मोठ्या मुलापाशी गेले आणि थरथरणारा पंजा त्यांनी त्याच्या मानेवर ठेवला. "गस्सान, तुझी चूक नव्हती. मी तोंडाने बोलतोय. तुझी चूक नव्हती."

गस्सानने बापाचा हात पकडून कपाळाला लावला. हाझिमने दोघांच्याही खांद्यांवर हात टाकले. सकाळी भांडणारे भाऊ आता एकमेकांना टेकून उभे होते.

बल्किस टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती. सगळं मिटलं होतं. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. दोल्मे गरम करायचे, चहा टाकायचा, गुरुवारी लेकीला त्या गाडीत बसवायचं. मेलेल्या बाईवर थोडासा हळवा दोष गेला तर मेलेली बाई काही तक्रार करायला येणार नव्हती. उलट आई असती तर तिने डोळ्यांनी दटावलं असतं, गप्प बस, पोरी. हे बल्किसला अगदी स्पष्ट कळत होतं, आणि त्यामुळेच तिला ते सहन होईना. आईने तिच्यासाठी आयुष्यभर पुष्कळ काही अंगावर घेतलं होतं. हेही तिच्यावरच टाकायचं?

"यम्मा तन्नूरपाशी नव्हती," ती म्हणाली.

तिघांनीही वर पाहिलं.

"तिला दम लागत होता. आत पडून होती. तन्नूरपाशी मी होते." ती टेबलाची कड घट्ट धरून बोलत होती. "मुंझिरच्या घरचे मला बघायला तिसऱ्या प्रहरी यायचे होते. दुपारीच निरोप आला की आत्ताच निघालो. यम्माने आतून हाक मारली, ताज्या रोट्या टाक, मुलीचा हात कसा आहे ते बघतील. भट्टी पुन्हा पेटवायची तर आतला गठ्ठा काढायला हवा होता. मी काढला. अर्धा वेळही झाला नव्हता. मला ठाऊक होतं. गस्सान, तू आलास आणि विचारलंस, झालं? मी म्हटलं, झालं."

बाजारात कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"तू म्हणालीस, 'झालं'," गस्सान सावकाश म्हणाला. "हो. मला आठवतं. तुझ्या हाताला पीठ होतं."

"हो."

"आणि मी परत आलो तेव्हा? बाबा अंगणात ओरडले तेव्हा? तू दारात उभी होतीस."

"होते."

"एकवीस वर्षं, बल्किस! ईदला फोन करायचीस. दर ईदला. 'माझ्या भावा, बाबा मऊ होतील, धीर धर.' धीर धर!" त्याने ती प्लेट टेबलावर इतक्या जोरात आपटली की दोल्म्यांची ताटली खाली पडली. "माझी पोरं आजोबांना ओळखत नाहीत! रोट्यांपायी? तुझ्या सोयरिकीच्या रोट्यांपायी?"

"ओरडू नको तिच्यावर," हाझिम मधे आला. "वीस वर्षांची होती."

"मी सव्वीसचा होतो! माझ्या बाजूने कोण आलं होतं मधे?"

"मी सतराचा होतो," हाझिम म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मला वाटायचं, मी तुझी बाजू घेतली तर बाबा मलाही घालवतील."

बल्किस रडत नव्हती. रडली असती तर सगळ्यांना सोपं गेलं असतं. "मी रोज ठरवायचे," ती म्हणाली. "आधी वाटलं लग्न मोडेल. मग रंद पोटात होती. मग वाटलं, आता सांगून काय होणार. माफी मागायला तोंड नाही मला. मी सांगितलं कारण ते यम्माच्या नावावर जात होतं."

"आणि माझ्या नावावर गेलं ते चाललं!"

"नाही चाललं. पण मी चालवून घेतलं."

गस्सान दाराकडे निघाला. दाराबाहेर अरूसाचं रिकामं पोट जॅकवर टांगलेलं होतं, त्याला वळसा घालून तो रस्त्याला लागणार, तेवढ्यात उस्तांनी हाक मारली.

"गस्सान. खटला अजून संपला नाही."

तो थांबला, पण वळला नाही.

"या वर्कशॉपात," उस्ता म्हणाले, "तन्नूरमधून आलेली प्लेट ड्रममध्ये कधी जाते?"

हाझिमने उत्तर दिलं, शाळेत धडा म्हणावा तसं. "तुमचं नख लागल्यावर."

"माझं नख. डिंकाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबायचं. रुतलं तर कच्चा. कुणीही भाजो, कुणीही बांधो, नख उस्ताचं. त्या संध्याकाळी या पोराने मला हाक मारली होती. 'बाबा, नख.' मी पाहुण्यांत बसलो होतो. मुंझिरच्या चुलत्याला मी माझी कीर्ती सांगत होतो. मी बसल्या जागेवरून म्हटलं, तूच बघ, घाई आहे." उस्तांनी कापणारा अंगठा वर धरला आणि पुन्हा खाली घेतला. "ते मला त्याच दिवशी आठवलं, अंगणात. तुला बोललो त्याच्या आधी आठवलं. म्हणूनच इतक्या जोरात बोललो. म्हणून इतकी वर्षं गिअरबॉक्स उघडू दिला नाही. उघडला तर काय निघेल ते मला माहीत नव्हतं, पण माझं नख लागलं नव्हतं ते माहीत होतं."

"आणि मगाशी?" गस्सान आता वळला होता. "मगाशी यम्माचं नाव घेतलंत."

"घेतलं. सोपं होतं." ते पुन्हा बादलीवर बसले, एकदम म्हातारे दिसायला लागले. "ही पोर माझ्यापेक्षा धीट निघाली."

बल्किसला वाटलं, आता गस्सान जाईल. तो गेला तर त्याला अडवायचा हक्क तिला नव्हता. गस्सान मात्र दारातून परत आला, जमिनीवर सांडलेले दोल्मे पायाने बाजूला केले आणि बापासमोर जमिनीवरच बसला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

"तुम्ही मला एक गोष्ट कधीच विचारली नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही काय, कुणीच नाही."

उस्तांना कळलं.

"तिला त्रास झाला का?" त्यांनी विचारलं. "शेवटी. काही बोलली का?"

"पुढचे गिअर गेले होते. एकही लागेना. पण उलटा गिअर लागत होता." गस्सान तळहाताकडे बघत सांगू लागला. "म्हणून मी गाडी वळवली आणि उलटीच रुतबाच्या दिशेने हाकायला लागलो. मान मोडेपर्यंत मागे वळून. वाळवंटातला सरळ रस्ता, सकाळची वेळ, शेजारून जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून हसत होते. यम्मा माझ्या शेजारी होती. तिला हसूच आवरेना. म्हणाली, तुझ्या बापाला कळलं तर याचीही जाहिरात करेल, माझी गाडी उलटीसुद्धा अम्मानला जाते."

हाझिमच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते हाताने दाबलं.

"अठरा किलोमीटर गेलो. मग म्हणाली, बरं झालं, गस्सान, असं जाताना माझं तोंड घराकडे आहे. मग गाडी उलटीही चालेना. तेलाची जाळी सुटलेल्या कॉर्कने तुंबली असणार, आता कळतं. ट्रकवाल्याने आम्हाला घेतलं. ट्रकमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्रास नाही झाला, बाबा. झोपेतच गेली. पण झोपायच्या आधी मला शपथ घातली."

"कसली?"

बल्किस नकळत टेबलाच्या अलीकडे आली होती, आणि आता तो पहिल्यांदा तिच्याकडेही बघत बोलला, जणू हे तिलाही सांगायचं राहिलं होतं.

"म्हणाली, 'बापाला गिअरबॉक्स गेला म्हणून सांगू नकोस. ज्याने कुणी बांधला असेल त्याला तो खाऊन टाकेल, आणि मग स्वतःलाही. टायर फुटला म्हण.' मी शपथ घेतली. आणि अंगणात पाय ठेवल्याबरोबर पहिलं वाक्य काय बोललो? 'गिअरबॉक्स गेला.'"

उस्ता रऊफनी दोन्ही कापणारे हात पुढे केले. एकात मुलाचं डोकं आलं, दुसऱ्यात बल्किसचं मनगट.

"टायर फुटला," ते म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. "टायरच फुटला होता, पोरांनो. रस्ता फार खराब आहे तिकडे."